आई-बाबांना कॅन्सर निघाला तर: आधी काय, नंतर काय

आर्णी तालुक्यातल्या आमच्या घरात बाबांचा तोंडाचा कॅन्सर चार वर्षं चालला. तेव्हापासून गावातले, नात्यातले लोक फाईल घेऊन माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, शेती करतो. पण येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची चूक एकच असते. करायचं ते सगळं केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमानं. वावर आधी विकलं, योजनेची चौकशी मागून केली. मुंबई गाठली, बायोप्सीची, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याची, काच यवतमाळातच राहिली. शेक (किरणोपचार) सुरू झाला, मग दाढा किडलेल्या दिसल्या.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. औषध कोणतं, डोस किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. खर्ऱ्यानं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीनं, आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर घरोघरी आणून ठेवलाय, त्यामुळे उदाहरणं त्याचीच जास्त येतील. फाईल, पैसा, ताप आणि दुखणं मात्र कुठल्याही कॅन्सरला तसंच लागू आहे.

## टप्पा १: तुकडा तपासल्याशिवाय पुढचं काही नाही

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, मानेत गाठ. आईच्या बाबतीत स्तनातली गाठ, किंवा पाळी बंद होऊन वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जाणं. यातलं काहीही असलं तर गोळ्यांवर दिवस काढू नका.

बाबांच्या डाव्या गालात जखम होती. तीन महिने ते दाढेचंच दुखणं समजून चाललं. शेवटी दाढ काढली, आणि ती जागा भरलीच नाही. तिथं कोणी तुकडा तपासायला पाठवला नाही, आणि पाठवा म्हणायला पाहिजे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

क्रम असा ठेवा:

१. आधी बायोप्सी. त्यासाठी थेट मुंबईला जायची गरज नाही. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि सेवाग्रामला ती होते.

२. बायोप्सीत कॅन्सर निघाला की मग सीटी, एमआरआय. आजार किती पसरला ते त्यावरून कळतं.

३. दोन्ही कागद हातात आल्यावर उपचाराचं ठरवायचं.

गाठ दिसली म्हणून छोट्या दवाखान्यात सरळ कापून घेऊ नका. अर्धवट काढलेली गाठ पुढच्या सर्जनचं काम अवघड करून ठेवते. "सुई लागली की कॅन्सर पसरते" हे पारावर हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. या एका वाक्यापायी लोकांचे तीन-चार महिने गेलेले मी पाहिलेत, आणि तेवढ्यात आजार एक पायरी वर चढलेला असतो.

तपासून घ्या: रिपोर्टावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का? डावी-उजवी बाजू बरोबर लिहिली आहे का? चूक असेल तर त्याच खिडकीवर दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर पुन्हा जाणं म्हणजे आख्खा दिवस आणि एक मजुरी.

## टप्पा २: फाईल एकाच माणसाकडे

घरातला एक जण फाईलवाला ठरवा. तो मोठाच असला पाहिजे असं नाही. आमच्याकडे बारावीतल्या पुतणीनं हे काम सगळ्यात नीट केलं.

फाईलमध्ये कागद तारखेनं लावायचे, जुना खाली, नवा वर. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवायचा. पहिल्या पानावर स्वतः लिहायचं: वय, वजन, शुगर-बीपी आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती. वजन दर आठवड्याला लिहा, त्याच काट्यावर. पुढे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

आता ज्यात सगळे फसतात ते. बायोप्सीचा कागद म्हणजे बायोप्सी नव्हे. तुकड्यापासून काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा छोटा ठोकळा तयार होतो. त्यांना स्लाईड आणि ब्लॉक म्हणतात. दवाखाना बदलला की नवा दवाखाना त्या मागतो आणि स्वतः पुन्हा पाहतो. पॅथॉलॉजी विभागात अर्ज दिला की त्या मिळतात, पण त्याच दिवशी मिळतील असं धरू नका. आम्ही त्या न घेता गेलो होतो. त्यासाठी मी एकटा परत आलो, आणि बाबा चार दिवस परक्या शहरात बसून राहिले.

स्कॅनच्या फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. आणि मे महिन्यात फिल्म टिनाच्या छपराखाली, कपाटावर टाकू नका.

## टप्पा ३: पैशाला हात लावण्याआधी योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता महाराष्ट्रात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही तो लागू आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि किरणोपचार यात बसतात.

करायचं असं:

१. रेशनकार्ड आणि आधार समोरासमोर ठेवून नावं वाचा. एकात "तातेराव", दुसऱ्यात "तात्याराव" असलं की तिथंच गाडी अडते. रेशनकार्ड ऑनलाईन आहे का, त्यात पेशंटचं नाव आहे का, हे तहसीलच्या पुरवठा विभागात पाहून घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तेवढ्यात हे काम उरकतं.

२. दवाखाना योजनेत आहे का, आणि *कॅन्सरच्या याच उपचारासाठी* आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारा. दवाखाना योजनेत असूनही किरणोपचार नसतो, असं होऊ शकतं.

३. दवाखान्यात पोचल्यावर पैशाच्या काउंटरवर जाण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. त्याचा टेबल बहुधा दरवाजाजवळच असतो.

४. मंजुरी आल्याचं विचारून घ्या, मग भरती.

सावधान: ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरले आणि मागून बिल दाखवलं तर परत मिळत नाही. "आता भरून टाका, नंतर योजनेत बसवू" असं कोणी म्हणालं तर आरोग्यमित्रासमोर म्हणायला लावा.

मंजूर उपचाराच्या पॅकेजात पेशंटचं जेवण आणि सुट्टी झाल्यावर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही येतं. फारसं कोणी मागत नाही. तुम्ही मागा. काही तपासण्या पॅकेजबाहेर राहतात, त्यांचा खर्च आधीच विचारून ठेवा.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा. पेशंट ६५ वर्षांच्या आतला असेल, कामावर जाणं बंद झालं असेल आणि घरचं उत्पन्न फारच कमी असेल, तर संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात. रक्कम लहान वाटते. पण औषधाच्या खेपेला दोघांचं एसटीचं भाडं आणि चहा त्यात निघतो.

वावर विकायचा विषय घरात निघालाच तर तो योजनेचं उत्तर येईपर्यंत बंद ठेवा. पहिल्या पंधरा दिवसांत भीतीपोटी ठरलेला भाव समोरच्याला बरोबर कळतो.

## टप्पा ४: नागपूर, सेवाग्राम की मुंबई

माझं मत स्पष्ट आहे. उपचार महिनोन्महिने चालणार असेल तर जवळचा चांगला दवाखाना लांबच्या मोठ्या नावापेक्षा बरा. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किरणोपचार होतो. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात एकदा मत घ्यायला जरूर जा, आणि तिथं सांगितलेला उपचार नागपूरला घेता येईल का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. हे विचारायला लाजू नका, त्यांना तो प्रश्न नवा नाही.

मुंबईला जाताना रेल्वेची सवलत आधी काढा. दवाखान्याच्या ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. आपल्याकडचे लोक धामणगाव नाही तर बडनेऱ्याहून गाडी धरतात. प्रमाणपत्र हातात नसेल तर तिकीट खिडकीवर वाद घालून उपयोग नाही. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, महिलांना अर्धं तिकीट आहे. कॅन्सर पेशंटच्या वेगळ्या सवलतीचं आगारात विचारा.

राहायचं आधी ठरवा, मग निघा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट वर्षानुवर्षं उतरतात. बाकी कुठंही असाल तरी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुक्कामाचं, जेवणाचं, औषधाच्या मदतीचं त्यांना बरंच ठाऊक असतं.

डॉक्टरांसमोर गेल्यावर सगळं विसरायला होतं. म्हणून हे चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या: आजार कोणता आणि कोणत्या टप्प्यावर? हा उपचार बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? एकूण किती खेपा, किती दिवस? नाही घेतला तर काय होईल? दुसरा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर बसलेले असतात.

## टप्पा ५: पेशंटला सांगणं आणि कामाची वाटणी

आम्ही बाबांना दोन महिने "गालात गाठ आहे" एवढंच सांगितलं. कॅन्सर वॉर्डात बसलेल्या माणसाला कॅन्सर लपवत होतो. एक दिवस तेच म्हणाले, "मले सांगून द्या ना बाप्पा, मी का लेकरू आहो?" त्यानंतर औषध घेणं सोपं झालं, कारण कशासाठी घ्यायचं ते त्यांना कळलं. सगळं एका दमात सांगू नका. विचारतील तेवढं सांगा, पण खोटं सांगू नका.

वाटणी करताना शेतीचं वर्ष समोर धरा. किरणोपचार सहा-सात आठवडे सलग चालतो. तो पेरणीत किंवा कापसाच्या वेचणीत आला तर सोबत कोण राहणार, हे आधीच ठरलं पाहिजे. उपचार हंगामासाठी पुढे ढकलायचा नाही, वाटणी हंगामाप्रमाणे बदलायची. आमच्याकडे फाईल पुतणीकडे, पैसा आणि योजना माझ्याकडे, दवाखान्यातला मुक्काम मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीनं. बहिणींनी पंधरा-पंधरा दिवस येऊन माहेर सांभाळलं.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. घरातलं सगळं पथ्यपाणी, धुणं, रात्रीचं जागणं न विचारताच माझ्या बायकोवर पडलं होतं. वाटणीच्या यादीत तिचं नावच नव्हतं, कारण तिचं काम कोणी काम म्हणून मोजलंच नव्हतं. यादी करताना ते आधी लिहा.

## टप्पा ६: किरणोपचार (लाईट, शेक)

सुरू होण्याआधी दात. तोंडाला किंवा मानेला शेक असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जाणं सक्तीचं समजा. किडलेली दाढ आधीच काढावी लागते आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. शेक झाल्यावर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येता सडू शकतं. हा धोका पुढे कितीही वर्षांनी असतो.

मग मास्क. चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा साचा करतात. तो घट्टच असतो. बाबा घाबरले होते. दोन मिनिटं श्वास मोजायला सांगितल्यावर जमलं. अंगावर शाईच्या खुणा केल्या असतील तर त्या घासून धुवायच्या नाहीत.

मग रोज. आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० ते ३५ खेपा असा तोंडाच्या कॅन्सरचा साधारण हिशोब असतो. मधे खाडा करायचा नाही. लग्न, पोळा, तेरवी काहीही असो. मशीनच बंद असेल तर राहिलेली खेप कशी भरून काढणार ते विचारा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड आतून सोलल्यासारखं होतं. हे ठरलेलं आहे, उपचार चुकला असं नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. घासू नका, फक्त खळखळा.

मानेच्या कातडीवर हळद, तेल, बाम, पावडर काही नाही. डॉक्टरांनी दिलं तेवढंच. वस्तरा बंद. उन्हात जाताना गळ्याला दुपट्टा आवळायची आपली सवय आहे. तो घासून कातडी सोलून निघते. छत्री घ्या, आणि जुन्या धोतराचा मऊ कपडा सैल टाका.

तपासून घ्या: तोंड किती उघडतं ते दर रविवारी पाहा. दोन बोटं उभी जात होती आणि आता एकच जाते, असं झालं तर लगेच सांगा. तोंड उघडायचा व्यायाम दुखतं म्हणून सोडला की पुढे भाकर नाही, पातळ वरणही जात नाही.

## टप्पा ७: केमोनंतर घरी, आणि ताप

केस जातात, उलट्या होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिवावर बेततो तो ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तासाभराच्या आत दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

इथं गावात नेमकं उलटं होतं. तापाची गोळी देतात, घाम आला की उतरला म्हणतात, सकाळी गावातल्या डॉक्टरकडे कमरेत सुई. गोळीनं ताप झाकला जातो, आजार आत वाढत राहतो. आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी असताना कमरेतली सुई म्हणजे आतून रक्तस्रावाचा धोका.

केमोच्या आधीच ही तयारी करा:

१. डिजिटल थर्मामीटर. हात लावून ताप पाहणं बंद.

२. दवाखान्याचा तातडीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात.

३. गावात रात्री गाडी काढणाऱ्या दोघांशी बोलून ठेवणं. नाहीच जमलं तर १०८ची रुग्णवाहिका.

४. केमोचं कार्ड किंवा शेवटचा डिस्चार्ज पेपर उशाशी. नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच: "अमुक तारखेला केमो झाली आहे."

केमोनंतर पहिले दोन दिवस पेशंटची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला आणि संडासात दोनदा पाणी टाका. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिला देऊ नका. भेटायला येणाऱ्यांना अंगणात बसवा. खोकला-सर्दीवाल्याला आत सोडायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. वाईटपणा फाईलवाल्यानं घ्यावा.

केमोसोबत जडीबुटी, काढा चालू करू नका. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. यकृतावर दोन्हीचा भार पडतो आणि पुढची केमो लांबते.

## टप्पा ८: खाणं आणि नळी

साखर बंद, दूध बंद, तांदूळ बंद असं सांगणारे खूप भेटतील. खाणं कमी झालं की वजन उतरतं, आणि वजन उतरलं की उपचार थांबतो. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, कच्चं सलाद नाही, एवढं पथ्य पुरे. मऊ उकरपेंडी, मुगाची पातळ खिचडी, सातू दुधात, ज्वारीची आंबील, पूर्ण शिजलेलं अंड. तिखट पूर्ण काढा. बाबांना झुणक्याची आठवण यायची. बेसन पातळ शिजवून, मिरची न घालता दिलं, तर म्हणाले हे आजाऱ्याचं आहे. पण खाल्लं.

गिळणं जमेना तर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असं गावात समजतात. तसं नाही. उपचार पुरा व्हावा म्हणून ती असते, आणि बहुतेकदा निघते.

नळीतून देताना क्रम:

१. पेशंटला उठून बसवा, किंवा पाठीला उशा लावून अर्धवट बसवा. आडवं ठेवून कधीच नाही.

२. नाकाजवळची खूण जागेवर आहे ते पाहा. सरकली असेल तर काही देऊ नका.

३. अन्न कोमट, मिक्सरमधून काढून कपड्यानं गाळलेलं. एका वेळी साधारण २०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत, हळूहळू.

४. नंतर ३० ते ५० मिली पाणी. हे चुकलं की नळी तुंबते.

५. अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा.

खोकला लागला, ओठ निळे पडले तर लगेच थांबवा. नळी निघाली तर स्वतः घालू नका. गोळ्या कुटून देण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

## टप्पा ९: फेरतपासणी, आणि आजार परतला तर

उपचार संपला की लोक फाईल माळ्यावर टाकतात. तोंडाच्या कॅन्सरला पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी लागते, नंतर अंतर वाढत जातं, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. तारखा कालनिर्णयावर लिहा. आणि खर्रा बंद म्हणजे घरातल्या सगळ्यांचा बंद. बाबांसमोर धाकटा भाऊ पन्नी घोटत बसायचा, तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

बाबांचा आजार दोन वर्षांनी परतला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता उद्देश त्रास कमी करणं हा आहे. अशा वेळी पॅलिएटिव्ह (दुखणं, त्रास कमी करणारा) विभाग विचारून घ्या, आणि दुखणं असह्य होण्याआधी घ्या. मॉर्फीनच्या, म्हणजे जोराच्या दुखण्यावरच्या, गोळ्या मान्यताप्राप्त दवाखान्यातूनच मिळतात, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधी निघा.

मॉर्फीन दुखल्यावर द्यायचं औषध नव्हे, घड्याळावर द्यायचं. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. त्यासोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठ होतोच आणि मग पेशंट गोळीच नाकारतो. सवय लागेल म्हणून दुखणं सोसायला लावू नका. माणूस उठवून उठेना, श्वास फार मंद झाला, तर लगेच फोन करा. गोळ्या कुलपात ठेवा.

घरीच गेले तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या, वारस फेरफार, बँक आणि सोसायटीचं पीककर्ज सगळीकडे त्या लागतात. उरलेलं मॉर्फीन ज्या दवाखान्यानं दिलं त्यालाच परत नेऊन द्या. नळीचं सामान, हवेची गादी, कमोडची खुर्ची मात्र धुऊन ठेवा. आमच्या गादीवर आतापर्यंत तीन घरचे पेशंट निजले आहेत.